ओळख पटवायला

गिरगाव, मुंबई
बुधवार, ता. ६ एप्रिल १९६०

चि. सौ. उर्मिला हीस,

अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही खुशाल आहोत. तुझी, वसंतरावांची आणि घरच्या सर्वांची खुशाली कळवावी.

पाकिटावरचं अक्षर बघून नवल वाटलं असेल. तुझा पत्ता मला गेल्याच आठवड्यात मिळाला. आमच्या वाडीचा राखणदार कुशाबा, त्याचा भाऊ वरळीला तुमच्याच बीडीडी चाळीत राहतो, त्याच्याकडून.

इकडे उन्हाळा मी म्हणतोय. हे यंदा पेन्शनीत निघाले. गुडघे कुरकुरतात, पण जीभ ठणठणीत आहे. सकाळी पेपर स्वतः वाचतात आणि मग मला मोठ्यानं वाचून दाखवतात, जशी काही मी निरक्षरच. सासूबाई जाऊन दोन वर्षं झाली, तुझ्या कानावर आलंच असेल. वाडीत सध्या विषय एकच, एक मे. त्या दिवशी जिन्यात रांगोळी कुणी काढायची यावरून पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याचं भांडण जुंपलंय. हे म्हणतात, एवढे मोर्चे काढून महाराष्ट्र मिळाला, पण आपला जिना काही मिळत नाही.

नमनालाच घडाभर तेल झालं. कामाचं लिहिते.

आमच्या वाडीमागच्या शाळेत मी दोन वर्षं बदली शिक्षिका म्हणून पहिलीचा वर्ग घेते आहे. बेचाळीस पोरं आहेत, त्यातली चाळीस अवली. मला वर्ग आवडतो. आवडतो म्हणजे काय, रविवारी करमत नाही. शाळेची कमिटी आता जूनपासून मला कायम करायला तयार आहे, फक्त मॅट्रिकचा दाखला हवा. तो माझ्यापाशी आहे, ट्रंकेत तळाला, फडक्यात गुंडाळलेला. पण त्यावर नाव आहे कुमारी नलिनी चिंतामणी तळपदे, आणि शाळेत शिकवते ती सौ. यशोदा मनमोहन मानकर. सेक्रेटरींनी चष्म्यावरून बघून विचारलं, "ह्या नलिनीबाई कोण?" मी म्हटलं, "मीच." तर म्हणतात, "तसा कागद आणा." बघ म्हणजे! चव्वेचाळीस वर्षांची मी, आणि मी म्हणजे मीच हे सिद्ध करत फिरते आहे.

तो कागद म्हणजे शपथपत्र. नलिनी आणि यशोदा या एकच, असं मी नोटरीसमोर शपथेवर सांगायचं, त्यानं शिक्का मारायचा. आमच्याकडे रघुवीर त्रिलोकेकर म्हणून नोटरी वकील येतात. छप्पन्न सालच्या गोळीबारात आणि संचारबंदीत लोकांना कोर्टाकडे जाणं अवघड झालं, तेव्हापासून ते स्वतःच शिक्क्याची पेटी घेऊन वाडी-वाडीत फिरतात. आमची पाळी महिन्याच्या शेवटच्या रविवारी. जिथे आमचा गणपती बसतो त्या खालच्या हॉलमध्ये टेबल मांडून बसतात. म्हणजे आता ता. २४ ला, सकाळी नऊपासून. कमिटीची मुदत तीस तारखेची. हा रविवार चुकला तर त्या जागेवर दुसऱ्या बाई येतील. ट्रेनिंग झालेल्या आहेत, तरुण आहेत, अर्ज देऊन बसल्याही आहेत.

आता अडचण सांगते. वकीलसाहेब मागच्या खेपेला म्हणाले की नुसती माझी शपथ पुरणार नाही, लग्नाआधी आणि लग्नानंतर अशा दोन्ही नावांनी मला ओळखणारं माणूस समोर उभं राहायला हवं. हे लगेच पुढे झाले. वकिलांनी विचारलं, "लग्नाआधी यांना पाहिलं होतं का?" हे म्हणाले, "एकदा. आणि तेव्हाही या खाली मान घालून बसल्या होत्या." झालं, हे बाद. आई-तात्या गेले. गुरुदत्तदादा नैरोबीला. माझ्या शाळेतल्या बाई कधीच्या वारल्या. दोन्ही नावांनी मला ओळखणारी मुंबईत तू एकटीच उरली आहेस.

तुझा फार वेळ मोडणार नाही. येताना रेशनकार्ड आणावे. तसदीबद्दल क्षमस्व.

कळावे,
सौ. यशोदा मनमोहन मानकर


गिरगाव
गुरुवार, ता. १४ एप्रिल

उर्मिला,

तुझं कार्ड मिळालं. "कोणत्या उर्मिलेने यायचे? पत्ता चुकलेल्या?" एवढंच. खाली सहीसुद्धा नाही.

कार्डाचं काय, ते उघडंच. पोस्टमनकडून कुशाबानं घेतलं, शेजारच्या रमाबाईंनी जिन्यात वाचलं, मग यांनी वाचलं, आणि शेवटी ज्याचं त्याला मिळालं. रमाबाई लगेच पीठ मागायला आल्या. "कोण हो ती पत्ता चुकलेली?" मी म्हटलं, काही नाही हो, असंच. संध्याकाळी पीठ परत द्यायला आल्या, पुन्हा तेच. पीठ परत करण्याची त्यांची ही पहिलीच वेळ! या वेळी मात्र मी त्यांना खाली बसवलं आणि सगळं सांगितलं. चौदा वर्षांत पहिल्यांदा तोंडातून निघालं, तेही तुझ्यापाशी नाही, रमाबाईंपाशी. म्हणून आता तुला लिहिते.

तू निळं पातळ नेसली होतीस. हातात पेढ्यांचा पुडा होता. वसंतराव वर आले नव्हते, खाली नळापाशी उभे होते, नवाकोरा कोट घालून. तुमचं लग्न कचेरीत लागून एकच दिवस झाला होता. तात्यांनी दार लावलं म्हणून तू माझ्याकडे आलीस, ताई आहे ना, या भरवशावर. मी दार उघडलं. आतून सासूबाईंनी विचारलं, "कोण आहे गं?" आणि मी म्हटलं, "कुणी नाही. पत्ता चुकलेली बाई आहे."

पुडा उंबऱ्यावर ठेवलास आणि जिना उतरलीस.

तो पुडा मी पदराखाली घेतला. मोरीत जाऊन, दार लावून एक पेढा खाल्ला. तुझ्या लग्नाचा म्हणून खाल्ला. बाकीचे कुशाबाच्या मुलांना दिले. हे मी यांनाही आजवर सांगितलं नव्हतं.

मी भ्याले, उर्मिला. तात्यांना भ्याले, सासूबाईंना भ्याले, आपल्या जातीतली माणसं लग्नाकार्यात काय बोलतील त्याला भ्याले. तेव्हा ही कारणं मला डोंगराएवढी वाटायची. आज एकेक आठवून बघते तर त्यातलं एकही धड उभं राहत नाही. तुझं चुकलं नव्हतं. माझं चुकलं. तुझ्या पायाशी पडून सांगायला हवं होतं ते कागदावर सांगते आहे, आणि तेही गरज पडली तेव्हा. हे तुझ्या मनात येणार, मला माहीत आहे. माझ्याही मनात येतं.

आणखी एक. मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. तुझा पत्ता माझ्याकडे गेल्या आठवड्यापासून नाही, चार वर्षांपासून आहे. छप्पन्न सालच्या जानेवारीत गिरणगावात गोळीबार झाला, त्या दिवसांत रात्र-रात्र डोळ्याला डोळा लागेना. शेवटी कुशाबाला पाठवलं. तो येऊन सांगतो, "बाय बरी आसा. दारात बसान तांदूळ निवडीत होती." मी त्याला तीनदा विचारलं, नक्की तांदूळच ना? तो म्हणाला, "आता तुमका तांदूळ दाखवूक हाडू काय?" तो पत्ता मी मसाल्याच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवला. रोज दोनदा बघत होते. पत्र टाकायचं धाडस मात्र झालं नाही. वरळी काय लांब आहे? बसनं अर्धा-पाऊण तास. नैरोबीला पत्र लवकर पोचलं असतं.

आता जरा हसून घे, माझी फजिती सांगते. शपथपत्र यांनी कोर्टासमोरच्या टायपिस्टाकडून स्टँप पेपरावर करून आणलं. "मी, यशोदा मनमोहन मानकर, पूर्वाश्रमीची नलिनी चिंतामणी तळपदे..." अशा अर्थाचं सगळं इंग्रजीत, फर्मास. मला वाटलं, वकिलांसमोर हात कापला तर शोभा होईल. म्हणून आठवडाभर पोरांच्या जुन्या पाटीवर सही गिरवली. दोन्ही नावांच्या सह्या करायच्या आहेत ना. तर यशोदा झरझर येते, आणि नलिनी लिहायला घेतली की हात अडतो. सव्वीस वर्षांत लिहिलंच नाही गं ते नाव! "न" काढला की पुढे काय, असं होतं. शेवटी मंगळवारी दुपारी जमलं. इतकं सुरेख जमलं, की म्हटलं हा मुहूर्त सोडायचा नाही. पेपर काढला आणि दोन्ही सह्या ठोकून मोकळी झाले. यांना कौतुकानं दाखवायला गेले तर यांनी कपाळाला हात लावला. "अगं, सही त्यांच्यासमोर करायची असते! म्हणून तर त्यांना बोलावतात!" हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. स्टँप पेपर फुकट. हे पुन्हा टायपिस्टाकडे पळाले, गुडघ्यांसकट. आता नवा पेपर यांनी स्वतःच्या कपाटात कुलपात ठेवलाय, किल्ली जानव्याला.

त्या पाटीवर गिरवताना मला काय आठवलं सांगू? माझ्या लग्नाचं ताट. तांदूळ पसरून यांनी अंगठीनं नाव लिहिलं, "यशोदा". तू दहा वर्षांची होतीस. बायकांच्या पायांतून पुढे घुसलीस, हातानं ते तांदूळ पुसलेस आणि बोटानं "नलू" लिहिलंस. आईनं तुला सगळ्यांसमोर चापट मारली. तू रडत ओरडलीस, "ही माझी नलूताई आहे, ती कुणी यशोदा-बिशोदा नाही!" मी तेव्हा मान खाली घालून बसले होते. तुझ्या बाजूनं तेव्हाही काही बोलले नाही. पुढे सगळ्यांनी मला यशोदा केलं, मीही झाले. तू तेवढी शेवटपर्यंत नलूताई म्हणत राहिलीस. आणि नेमक्या तुलाच मी ओळख दाखवली नाही.

आता कायदा म्हणतो, तू मला ओळख दाखवलीस तरच मी आहे. देवाला माझी थट्टा करायची होती तर बरी साधली त्यानं.

तू नाही आलीस तर मला राग नाही. ती जागा जाईल, मला रडू येईल, आणि मी दुसऱ्या दिवशी उठून स्वयंपाक करीन. तुला गळ घालायला हे लिहिलेलं नाही. काम होवो न होवो, वर लिहिलंय त्यातला शब्द मी मागे घेणार नाही.

रविवार, ता. २४. सकाळी नऊ.

तुझी,
यशोदा
(ताई म्हणवून घ्यायचा अधिकार तू दिलास तर)


गिरगाव
सोमवार, ता. २५ एप्रिल

उर्मी,

काल तू आलीस. हे वाक्य लिहून मी पाच मिनिटं नुसती बघत बसले.

सकाळी आठपासून हॉलबाहेर रांग होती. रमाबाईंनी वाडीत उठवलं होतं ना, एक मेपासून मुंबई राज्याचा शिक्का रद्दी होणार, जे काही करायचं ते आत्ताच करून घ्या. त्यामुळे ज्यांना काही काम नाही तेही कागद घेऊन आले होते. रमाबाईंनी तर वकिलांना तोंडावर विचारलं. ते म्हणाले, "बाई, तुमचं लग्न इंग्रजांच्या राज्यात झालं ना? मग तेही रद्द समजायचं का?" रमाबाई म्हणाल्या, "समजा की!" तू तेव्हा पोचली नव्हतीस, म्हणून सांगते. तू आलीस तेव्हा लोक कशाला हसत होते हे तुला कळलं नसेल. तुला वाटलं असेल, तुलाच हसताहेत. तसं नव्हतं.

नऊ वाजले, दहा वाजले. मी मागच्या माणसाला पुढे सोडत होते. तीन वेळा नंबर सोडला. हे दाराकडे तोंड करून उभे राहिले. साडेदहाला वकील घड्याळ बघायला लागले, त्यांना पुढे भायखळ्याला जायचं होतं. मी म्हटलं, संपलं. कागदाची घडी घातली. आणि यांनी माझ्या कोपराला धरलं.

तू केस वर बांधतेस आता. बारीक झालीस. लेकीचा, मृणालिनीचा हात धरून तू सरळ टेबलाशी गेलीस, माझ्याकडे बघितलंही नाहीस. पोर तुझ्यासारखीच आहे, डोळे वटारून बघते. तिनं तुला विचारलं, "ह्या कोण?" तू म्हणालीस, "ह्या शाळेत शिकवतात." मला लागलं. पण खोटं नव्हतं ते. मी तुला जे म्हटलं होतं ते खोटं होतं.

मग वकिलांनी मला शपथ दिली, मी सह्या केल्या. नलिनी जरा वाकडी आली. चालेल म्हणाले. मग त्यांनी तुझं रेशनकार्ड बघितलं, आणि विचारलं, "या बाईंना किती वर्षं ओळखता?"

तू म्हणालीस, "जन्मापासून. मधली चौदा वर्षं सोडून."

वकील म्हणाले, "असं सोडून-बिडून लिहिता येत नाही बाई. ओळखता की नाही, एवढंच सांगा."

आणि तू माझ्याकडे बघितलंस, उर्मी. पहिल्यांदाच. नीट, पायापासून डोक्यापर्यंत, आई लग्नाच्या मुलीला बघायची तसं. आणि म्हणालीस, "लिहा. जन्मापासून. ही माझी नलूताई."

ते नाव कानावर आलं आणि मला तिथेच, सगळ्या वाडीदेखत, हुंदका फुटला. वकिलांनी शिक्क्याचं यंत्र कागदावर दाबलं, तो कट्‌ असा आवाज झाला. मृणालिनीनं मला हळूच विचारलं, "तुम्हाला लागलं का?" किती गोड पोर आहे गं!

तू वर आली नाहीस. मी चहाचं आधण चढवूनच खाली आले होते, पण आग्रह केला नाही. तो जिना तू कसा उतरली होतीस ते मला माहीत आहे. तो चढायला मी कोणत्या तोंडानं सांगू? वाडीच्या फाटकापाशी तू "येते" म्हणालीस. सगळेच तसं म्हणतात, "जाते" कुणी म्हणत नाही, हे पहिलीच्या पोरांनाही मी शिकवते. तरीसुद्धा मी काल दिवसभर तो शब्द घेऊन फिरले. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाला दोष देऊ?

आज सकाळी सेक्रेटरींना कागद नेऊन दिला. त्यांनी शिक्का उजेडात धरून बघितला, दाखला बघितला, मग मला बघितलं. म्हणाले, "ठीक आहे, जूनपासून या." आणि वर आणखी विचारतात, "हजेरीपटावर कोणतं नाव घालू?" आता कागदावर दोन्ही खरी आहेत म्हणे, कोणतंही चालेल. मी म्हटलं, उद्या सांगते. यांना विचारलं तर हे म्हणाले, "मी ते ताटात लिहिलं तेव्हा तुला कुणी विचारलं नव्हतं. आता तू तुझं ठरव." सव्वीस वर्षांत हा माणूस मला एकदाच इतका आवडला, आणि लगेच "चहा कुठाय" म्हणाला.

मी ठरवलं. पोरं तशीही मला बाईच म्हणणार. पण पटावर नलिनी असेल.

आता तुला सांगायचं ते सांगते. विचारत नाही, सांगते आहे. विचारलं तर तू नको म्हणशील आणि मी पुन्हा भिऊन घरी बसेन. येत्या रविवारी, एक मेला, इथे जिन्यात रांगोळी निघेल, दोन्ही मजले मिळून काढणार आहेत. सकाळी ती बघून मी निघेन. हे बरोबर येतील, पण खाली थांबतील, नळापाशी. त्यांनीच तसं म्हटलंय. म्हणतात, वसंतराव तेव्हा आपल्या नळापाशी उभे राहिले, मला अर्धा तास उभं राहायला काय होतंय? मी कोलंबीचं भुजणं आणीन, डबा भरून. आणि पेढे. ते मला चौदा वर्षं द्यायचे राहिलेत.

मी तुझ्या दारात उभी राहीन. मृणालिनी आतून विचारेल, "आई, कोण आहे गं?" तेव्हा तुला जे वाटेल ते सांग. "पत्ता चुकलेली बाई आहे" म्हणालीस तरी माझी तक्रार नाही, डबा आणि पुडा उंबऱ्यावर ठेवीन आणि जिना उतरेन. पण तुला आधीच सांगून ठेवते, मी चुकून आलेली नसेन. चार वर्षं रोज दोनदा वाचलेला पत्ता आहे तो.

जन्मापासून तुझी,
नलूताई